पहिले चार शब्द

त्या रविवारी पोह्यांवर कुणी जीरावन मसालासुद्धा भुरभुरवला नाही, तेव्हाच कमलने ओळखलं की आज पागनीसांच्या घरात काही खरं नाही. एरवी जीरावनची डबी या हातातून त्या हातात फिरत असते आणि "जरा ठेवा की आम्हालाही" म्हणून ओरडा होतो. आज डबी टेबलाच्या मधोमध नुसती बसून होती आणि तिच्या शेजारी दोन उत्तरपत्रिका. यशवर्धनने शनिवारी शाळेत जाऊन त्या आणल्या होत्या. प्री-बोर्डच्या. इंग्रजीत ऐंशीपैकी शहात्तर. गणितात नऊ.

"नऊ," कमलचे थोरले भाऊ प्रतापराव म्हणाले. हे त्यांनी सकाळपासून चौथ्यांदा म्हटलं. "अकराशे घोड्यांची नावं, रंग, खुणा, सगळं तोंडपाठ असलेल्या माणसाची ही पणती. होळकरांच्या पागेत वही उघडावी लागली नाही त्याला कधी. आणि हिला ऐंशीत नऊ!"

यशवर्धनची धाकटी पलक मान खाली घालून शेवेचा एकेक तुकडा वेचत होती. पंधरा वर्षांची पोर, पण आज दहा वर्षांची दिसत होती.

"बाबा, घोडे राहू द्या," यशवर्धन म्हणाला. "मी भंवरकुआँच्या क्लासवाल्यांशी बात करून आलोय. क्रॅश कोर्स आहे. सकाळी सहा ते अकरा. एकोणचाळीस दिवस आहेत बोर्डाला, उद्यापासून टाकू या."

"एका हॉलमध्ये दोनशे मुलं बसवतात तिथे," मधुरिमा म्हणाली. यशवर्धनशी लग्न होऊन बावीस वर्षं झाली तरी तिच्या मराठीतून नाशिक गेलं नव्हतं. "ती तिथे तोंड तरी उघडेल का? घरी आपल्याशी बोलत नाही ती."

"मग काय करायचं, तू सांग."

"मी सांगून कुणी ऐकलंय का आजवर?"

हा टोला कुणाला होता ते कमलला बरोबर कळलं. पलकला पाठांतराच्या स्पर्धेत उतरवायला मधुरिमाचा पहिल्यापासून विरोध होता, आणि कमलने तो दरवर्षी मोडून काढला होता. मंडळाची फिरती ढाल सात वर्षं याच घरात होती. आत्ताही ती समोरच्या कपाटावर चमकत होती, कारण प्रतापरावांनी ती कालच चिंचेने घासली होती.

"क्लास-बिस सगळं पुढच्या रविवारनंतर," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी स्पर्धा आहे. आणि एवढं घाबरायला काय झालंय? इंग्रजीत शहात्तर आले की नाही? कसे आले? कमलच्या लाल वहीमुळे आले. कमल, तशीच एक वही गणिताची करून दे. शंभर गणितं काढ, घे पाठ करून. संपला विषय."

टेबलावर पहिल्यांदाच जरा हवा खेळली. यशवर्धनने मान डोलावली. "हे बेस्ट आहे, आत्या. मीपण तुझ्या वहीवरच पास झालो होतो. शंभर सवाल याद करून घे, चाळीस दिवस बहुत झाले." मधुरिमानेही या वेळी विरोध केला नाही. थकली होती बिचारी.

कमल सुखावली, आता खोटं कशाला बोला. बत्तीस वर्षं तिने मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, लग्न केलं नाही, आणि या घरातली दोन पिढ्यांची पोरं आपल्या लाल वहीवर पार केली. चाळीस निबंध, पंचवीस पत्रं. 'आत्या' हे तिचं नावच पडलं होतं. यशवर्धन आत्या म्हणे आणि त्याची पोरंही आत्याच म्हणत. अशा बाईला सगळं घर 'तूच वाचव' म्हणतंय म्हटल्यावर कोणाला बरं वाटणार नाही? तिने चष्मा लावला आणि गणिताची उत्तरपत्रिका पुढे ओढली. कुठे कमी पडली पोर ते बघू, एवढाच विचार होता.

आणि बघतच राहिली.

अक्षर मोत्यासारखं. पायऱ्या एकाखाली एक. आकृती पट्टीने आखलेली, शेवटी उत्तराला चौकट. एकही खाडाखोड नाही. आणि प्रत्येक पानावर लाल फुली.

"पलक, जरा आत ये माझ्याबरोबर," कमल म्हणाली.

खोलीत गेल्यावर तिने प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवली. स्वतः तिला गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वाचता तर येत होतं. प्रश्नात टॉवर छत्तीस मीटर उंच इमारतीवर होता. पलकच्या उत्तरात तो वीस मीटरवर.

"हे वीस कुठून आणलेस गं?"

"पुस्तकात वीसच आहे."

"पण इथे छत्तीस दिलेत ना?"

पलकने प्रश्नपत्रिकेकडे बघितलंसुद्धा नाही. "मी पूर्ण नाही वाचला, आत्या. 'फ्रॉम अ पॉइंट ऑन' आलं की ते उत्तर. पहिले चार शब्द तेच होते."

कमलच्या हातातला कागद हातातच राहिला. पहिले चार शब्द. हा तिचाच मंत्र होता. स्पर्धेत परीक्षक श्लोकाचे पहिले चार शब्द म्हणतात आणि पुढचं सगळं आपण म्हणायचं असतं. पलक आठ वर्षांची असल्यापासून कमल तिला हेच घोकवत आली होती. चार शब्द ऐक आणि सूट. विचार करायला थांबलीस की गेलीस.

"सगळं गणित असंच पाठ केलंस?"

"हो."

"केव्हापासून?"

"सहावीपासून." आता तिचा आवाज फुटला. "शाळेत पुस्तकातलेच सवाल यायचे ना, नंबरसुद्धा तेच. या वेळी नवीन मॅडमनी बदलले सगळे. मला समजतच नाही, आत्या. मतलब, काहीच नाही समजत. आणि तुम्ही सगळे म्हणता, पागनीसांच्या घरात एकदा ऐकलं की पक्कं. मग मी कशी सांगणार?"

पोरीला जवळ घ्यावं, असं कमलला वाटलं. पण तिच्या डोक्यात एक शंका शिरली होती आणि ती काही केल्या निघेना. तिने कोरा कागद पुढे सरकवला. "आज सकाळी आपल्याकडे काय झालं, ते चार ओळी इंग्रजीत लिही. जमेल तसं."

पलकने पेन उचललं. थांबली. पेनचं टोपण चावलं. मग एकदम सुटली आणि न थांबता चार ओळी लिहून कागद पुढे केला. 'मॉर्निंग इज द मोस्ट प्लेझंट पार्ट ऑफ द डे. द बर्ड्स आर चर्पिंग ऑन द ट्रीज.'

लाल वही, निबंध क्रमांक बारा. चौऱ्याण्णव साली, पहिल्या बॅचसाठी कमलनेच लिहिलेला. बाहेर घरदार भांडत होतं, पोर रडून रडून लाल झाली होती, आणि कागदावर पाखरं किलबिलत होती.

"पलक, राजा," कमल म्हणाली, "यात चूक तुझी नाही." आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. मग उठली, तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर आली.

बाहेर सिमरोलहून देवांश येऊन टपकला होता. पलकचा मोठा भाऊ, तिथल्या इंजिनिअरिंगच्या कॅम्पसवर तिसऱ्या वर्षाला. दर रविवारी पोह्यांना हजर. "क्या भिया, नऊ!" तो हसत म्हणत होता. "एवढे तर नुसतं नाव लिहिलं तरी मिळतात!"

"गप रे," कमल म्हणाली. ती बसली नाही, टेबलाजवळ उभीच राहिली. "दादा, वही मी करणार नाही."

"का?"

"कारण ते नऊ माझ्या वहीमुळेच आलेत. पोरीने सहावीपासून गणित पाठ केलंय. माझ्या पद्धतीने. आणि इंग्रजीत जे शहात्तर आलेत ना, ते माझे आहेत. मी लिहिलेलं, तिने उतरवलेलं. तिला स्वतःची एक ओळ लिहिता येत नाही. आत्ता बघून आले."

"काहीतरीच बोलू नकोस. बत्तीस वर्षं शिकवलंस तू!"

"पास केलं, दादा. शंभर टक्के निकाल लावला. शिकवलं किती, ते आज मला विचारू नकोस."

प्रतापरावांचा चेहरा काळवंडला. "सगळ्यांसमोर घराचं नाव घालवायचं ठरवलंयस काय? यशवर्धन पास झाला, देवांश झाला..."

"आजोबा, एक मिनिट." देवांशचं हसू गेलं होतं. "मी कुणाला सांगितलं नाही. दिवाळीआधी कॅम्पसवर इंटर्नशिपचा इंटरव्ह्यू होता. मॅडम म्हणाल्या, टेल अस अबाउट युवरसेल्फ. मी पूर्ण 'माय एम इन लाइफ' बोलून टाकला. लाल वहीवाला. त्यातला तो डॉक्टर होऊन गावात जाणारा पार्टपण." त्याने मानेमागे हात फिरवला. "सगळं पॅनल हसत होतं, भिया. घरी येऊन सांगितलं की जागा भरल्या होत्या."

यशवर्धनने लेकाकडे बघितलं आणि मग नजर पोह्यांच्या ताटलीत घातली.

मधुरिमा हळूच म्हणाली, "मी सात वर्षं सांगत होते, आत्या."

"सांगत होतीस. मी ऐकलं नाही. चूक झाली माझी."

मधुरिमाने भांडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. या घरात तिला हे वाक्य कुणी ऐकवलं नव्हतं, ते असं सहज समोर आल्यावर तिला त्याचं काय करावं कळेना. तिने उठून कमलसाठी खुर्ची ओढली. "बसा तरी. मग आता करायचं काय?"

"एकोणचाळीस दिवस आहेत. स्पर्धा नाही, क्लास नाही. गणित मी शिकणार."

"तू?" प्रतापराव जवळजवळ ओरडले. "मॅट्रिकला पस्तीस होते तुला!"

"म्हणूनच. मला येत नाही, म्हणजे मी तिला पाठ करून देऊ शकत नाही. पलक मला शिकवेल. मी 'का' विचारीन. मला पटेपर्यंत तिने सांगायचं. जिथे सांगता येणार नाही तिथे तिला येत नाही असं धरायचं, आणि तिथून मागे जायचं. पाचवीपर्यंत जावं लागलं तर पाचवीपर्यंत. देवांश, तू रविवारी येऊन सगळ्या गणितांचे आकडे बदलून द्यायचे. फुकटचे पोहे बंद."

"डन, आत्या."

"आणि इंग्रजीच्या रोज दहा ओळी. घरात त्या दिवशी जे झालं ते. पाखरं नकोत."

प्रतापराव उठले. कपाटावरच्या ढालीपाशी गेले, तिच्यावरून हात फिरवला. "ढाल परत करायला मी एकटा जाणार नाही," एवढं बोलून ते आपल्या खोलीत गेले आणि पुढचे सात दिवस बहिणीशी एक अक्षर बोलले नाहीत.

ते सात दिवस कमलच्या कायम लक्षात राहिले. सोमवारी पलकने टॉवरचं गणित समजावलं, कमलने "इथे का भागलंस?" विचारलं आणि पोर तिथेच अडली. मंगळवारी तर चक्क रडली. "आत्या, तुम्ही मुद्दाम करता!" मुद्दाम कसलं, कमलला खरंच कळत नव्हतं. बुधवारी दोघी मागे मागे जात सहावीच्या गुणोत्तरापर्यंत पोचल्या आणि मधुरिमाने ऑफिसला जाता जाता कणीक आणि पाण्याची भांडी टेबलावर मांडून दिली. दोन वाट्यांना एक, तर पाच वाट्यांना किती? पलकने तीनदा चुकवलं. चौथ्यांदा बरोबर आलं, तेव्हा ती स्वतःच म्हणाली, "थांबा, पण का आलं?" कमलला तिला मिठी मारावीशी वाटली. मारलीही.

इंग्रजी मात्र गमतीचं होतं. गुरुवारच्या दहा ओळींत एक ओळ होती, 'माय आजोबा इज नॉट टॉकिंग विथ माय आत्या बट ही इज हिअरिंग एव्हरीथिंग फ्रॉम डोअर.' कमलने लाल पेन उचललं आणि खाली ठेवलं. चुका उद्या दाखवता आल्या असत्या. तिने मान वळवून दाराकडे बघितलं, तर पडदा हलत होता.

रविवार उजाडला. एक वाजता प्रतापराव बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी घालून, ढाल कापडात गुंडाळून फाटकाशी उभे राहिले.

"पलक, शेवटचं विचारतो. येतेस?"

पलकने कमलकडे बघितलं. कमलच्या ओठांवर 'नाही' आलं होतं, पण तिने जीभ चावली. आता हिच्या वतीने बोलायचं नाही, असं तिने ठरवलं होतं, आणि ते किती कठीण असतं ते तिला त्या क्षणी कळलं.

"आजोबा, तिथलं मला सगळं येतं," पलक म्हणाली. "इथलं येत नाही. मी इथेच थांबते."

प्रतापरावांनी रिक्षा थांबवली आणि मागे न बघता गेले. एकटेच.

दुपारी देवांशने यशवर्धनच्या साइटवरची लांब टेप आणली. कॉलनीच्या बगीच्यात पाण्याची उंच टाकी आहे. राजेंद्र नगरात राहणारा प्रत्येक जण तिच्याकडे बघत मोठा होतो आणि ती किती उंच आहे ते कुणालाही ठाऊक नसतं. "पुस्तकात नाही, गाइडमध्ये नाही," देवांश म्हणाला. "काढ हिची उंची. वर न चढता." पलकने तासभर डोकं खाजवलं, कागदावर दोन त्रिकोण काढले, मग म्हणाली, "एक सरळ उभा राहणारा माणूस लागेल. त्याची सावली आणि टाकीची सावली, दोन्ही एकाच वेळी." टाकीची सावली चौतीस मीटर दहा सेंटिमीटर भरली. टेप धरून धरून कमलचे गुडघे बोलायला लागले.

तेवढ्यात बगीच्याच्या फाटकातून प्रतापराव आले. हात रिकामे होते.

"कस्तुरी म्हणून कुणी पोर आहे," ते कुणाकडेच न बघता म्हणाले. "सहावीतली. एका दमात म्हणाली सगळं. दिली तिला." आणि घराकडे वळले.

"आजोबा!" पलक धावत गेली. "जरा उभे राहता इथे? सरळ, हलायचं नाही. तुमची सावली पायजे."

कमलला वाटलं, आता हे फटकारणार. पण प्रतापराव आले. उन्हात ताठ उभे राहिले, पागेत उभे राहावेत तसे. पलकने सावली मोजली. दोन मीटर पंचाहत्तर.

"तुमची उंची किती?"

"एकशे अडुसष्ट सेंटिमीटर. पाठ आहे."

पलक जमिनीवरच बसून गणित करायला लागली. जीभ ओठाच्या कडेला, कागद मांडीवर. मग उठली. "वीस मीटर त्र्याऐंशी. आत्या, बरोबर आहे?"

देवांशने तोंड उघडलं. कमलने त्याच्या चपलेवर पाय ठेवला.

"मला काय विचारतेस?" ती म्हणाली. "मला कुठे माहीत आहे टाकी किती उंच ते!" आणि हे अगदी खरं होतं. पोर तिच्या तोंडाकडे बघत होती, गेली सात वर्षं बघत आली तशी, मान हलण्याची वाट बघत. कमलने मान हलवली नाही.

पलकने कागदाकडे बघितलं. टाकीकडे बघितलं. मग आजोबांच्या सावलीकडे, बराच वेळ.

"आजोबा," ती म्हणाली, "एकशे अडुसष्ट म्हणजे डोक्यापर्यंत ना? पण सावलीला तर टोपी आहे. मी टोपीसकट मोजली. चुकलं माझं." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, उलट ते चमकत होते. "टोपी काढा ना."

प्रतापरावांना उघड्या डोक्याने रस्त्यावर आजवर कुणी बघितलं नव्हतं. समोरच्या बाकावर चार ओळखीची माणसं बसली होती. प्रतापरावांनी सात दिवसांत पहिल्यांदा बहिणीकडे बघितलं. कमलने नुसता हात पुढे केला.

प्रतापरावांनी टोपी काढली आणि तिच्या हातात दिली. विरळ पांढरे केस वाऱ्याने उडाले. "कमल," ते म्हणाले, "नीट धर. घडी पडेल."

"आजोबा, बोलू नका, हलता तुम्ही," पलक ओरडली. "आणि ऊन सरकलंय, टाकीचीपण परत मोजायला लागेल. सगळं पहिल्यापासून. भिया, टेप पकड! आत्या, तुम्ही त्या टोकाला!"

कमलने एका हातात टोपी धरली, दुसऱ्या हातात टेपचं टोक धरलं, आणि गुडघ्यांना न विचारता ती टाकीच्या सावलीच्या टोकाकडे भराभर चालायला लागली.